चढणीचे मासे आणि आपले जाळे



मृगाचा पाऊस पडला की आपल्या हिंगणीत दोन गोष्टींची घाई सुरू होते. एक पेरणीची, दुसरी माशांची. बोर नदीला आणि ओढ्यांना पहिले गढूळ पाणी आले की मासे धारेच्या उलट दिशेने वर चढू लागतात. अंडी घालण्यासाठी ते निघालेले असतात. पाणी उथळ, मासा दमलेला. अशा वेळी तो साध्या टोपलीनेही हाती लागतो.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक टोपली आमच्याकडे प्रेमाने आली. मासे कापले तर पोटे अंड्यांनी भरलेली. आम्ही ती अंडीही चवीने खाल्ली. दुसऱ्या दिवशी जन्मभर जाळे टाकलेले एक वृद्ध काका भेटले. ते हसून म्हणाले, "फादर, काल तुम्ही पुढच्या सालची मासोळी खाल्ली." ते हसले खरे, पण आम्हांला हसू आले नाही.

आमचे बालपण वसईच्या किनाऱ्यावर गेले. तेथे 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. आमचे कोळी बांधव होड्या किनाऱ्यावर ओढतात, जाळी दुरुस्त करतात आणि वाट पाहतात. लहानपणी आम्हांला वाटे, ही फक्त खवळलेल्या समुद्राची भीती. पुढे कळले, तो अनेक माशांच्या विणीचा काळही आहे. खाडीत येणारा रावस घ्या. इंग्रजीत त्याला 'इंडियन सॅमन' म्हणतात; नाव सारखे असले तरी थंड देशांतल्या नद्या चढून जाणाऱ्या सॅमनच्या कुळातला तो नाही. रावस आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे सगळे लहान रावस आपणच उचलले, तर त्यांच्यातून आई कधी तयारच होणार नाही! म्हणूनच 2023 साली महाराष्ट्र शासनाने 54 जातींच्या समुद्री माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले. पापलेटसाठी ते 135 मिलिमीटर आहे.

समुद्रावर नियम आहे, पण आपल्या ओढ्यावर कोण पाहतो? आपल्याकडचा मरळ आठवा. त्याच्या पिलांचा लालसर घोळका पाण्यावर दिसतो आणि आईबाप खाली राखण करीत असतात. पिले दिसली की गळ टाकणाऱ्याला ठाऊक असते, मोठा मासा येथेच आहे. लेकरांसाठी तो पळून जात नाही, आणि त्याच्या त्या मायेचाच आपण फायदा घेतो. अनुवादाच्या पुस्तकातील बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक छोटी आज्ञा आहे. पिले घेतली तरी आईला मात्र सोडून द्यावे, असे देव तेथे सांगतो. एवढ्या मोठ्या नियमशास्त्रात देवाने एका पाखराच्या आईसाठी जागा ठेवली आहे!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही चार प्रमुख सद्गुण पाठ केले: शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम. संयम म्हणजे उपाशी राहणे, असे तेव्हा वाटे. आता वाटते, संयम म्हणजे हाती लागणारी वस्तू आज आपली नाही, हे ओळखणे. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात शिष्यांनी प्रभूच्या शब्दावरून जाळे टाकले आणि 153 मोठे मासे मिळाले. लूकच्या पाचव्या अध्यायात मात्र भरपूर मासे मिळाल्यावर त्याच शिष्यांनी सर्व काही सोडले आणि ते त्याच्यामागे गेले. जाळे टाकणे हे जसे आज्ञापालन, तसेच ते खाली ठेवणे हेही आज्ञापालनच.

मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो. ज्या घरची चूल माशांवरच पेटते, त्या घराला भरल्या पोटी उपदेश करणे हे पाप आहे. मौजेसाठी मच्छरदाणी लावून ओढा गाळणारा आणि लेकरांसाठी जाळे टाकणारा, हे दोघे देवाच्या दृष्टीने सारखे नाहीत. म्हणून थांबण्याचा भार एकट्या गरिबावर नको. या पावसाळ्यात आपल्यातील ज्यांना शक्य आहे, त्यांनी मिस्साला येताना थोडे तांदूळ, थोडी डाळ आणावी. ज्यांचे जाळे काही आठवडे घरी राहील, त्यांच्या घरी आपण ते पोहोचवू. आणि आमच्याकडे चढणीचे मासे आणू नका. दिवाळीनंतर आणा, आम्ही आवडीने खाऊ!

बोरचे पाणी पुढे वर्धेत, प्राणहितेत आणि गोदावरीतून समुद्रात जाते. आपण येथे जे राखू, ते फक्त हिंगणीचे नसते. घरी मुलांना या आठवड्यात एवढेच विचारा: आपल्याला मिळू शकते, पण आपण आज घेणार नाही, अशी कोणती गोष्ट आपल्या घरात आहे?

गालीलच्या सरोवराकाठी शिष्यांसाठी स्वतः न्याहारी तयार करणारा प्रभू आपल्याला पुरे म्हणण्याची कृपा देवो. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू