प्रतिकृतींतील सचोटी

कोणतीहि वस्तु लहान करून दाखवावयाची म्हटली कीं तींतून कांहीं तरी गाळावें लागतें. मग या गाळण्याला खोटेपणा केव्हां म्हणावें? हा प्रश्न चित्रकारापुढें आहे, चरित्रकारापुढें आहे, आणि इतिहासकाराच्या तर तो पांचवीलाच पुजलेला आहे. परंतु आम्हांस तो सर्वांत स्वच्छ स्वरूपांत दिसला तो अशा एका छंदांत, कीं ज्याला आमचे पुष्कळ वाचक पोरखेळ म्हणून बाजूस सारतील. अमेरिकेंत व इंग्लंडांत हजारों प्रौढ गृहस्थ फावल्या वेळीं आगगाडीच्या प्रतिकृति मांडतात; आणि त्यांतील कांहीं जण, गाडीला जावयास कोठें तरी ठिकाण हवें म्हणून, खोक्यांतले तयार भाग न वापरतां पुठ्ठा, लांकडी पट्ट्या, पितळी तार व स्टायरीनचे पातळ पत्रे कापून अख्खा पोलादाचा कारखाना आपल्या हातानें उभा करतात. दिवाळींत आपलीं मुलें अंगणांत किल्ला करतात. त्यांत पहारेकरी दरवाजापेक्षां उंच असला तरी कोणी हरकत घेत नाहीं. येथें मात्र हरकत घेतली जाते, आणि ती घेतली जाते हेंच आमच्या मतें या छंदाचें वैशिष्ट्य आहे.

या मंडळींत सर्वांत रुळलेलें प्रमाण म्हणजे ज्याला ‘एच-ओ’ म्हणतात तें. त्यांत एक फूट साडेतीन मिलिमीटरांचा होतो, म्हणजे वस्तु सुमारें ८७ पटींनीं लहान होते. सहा फुटी मजूर २१ मिलिमीटरांचा. सव्वादोन इंच जाडीची वीट मिलिमीटराच्या दोनतृतीयांश. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं पेन्सिल्व्हेनियांत बेथलेहेम नांवाचें शहर आहे. तेथील पोलादाच्या कारखान्यांतील झोतभट्ट्या सुमारें २३० फूट उंच. या प्रमाणांत त्या अडीच फुटांहून थोड्या अधिक भरतील. उंचीचें निभावलें. पण तो कारखाना लीहाय नदीच्या कांठानें कित्येक मैल पसरलेला होता, आणि एच-ओ प्रमाणांत एक मैल म्हणजे सुमारें ६० फूट. एवढें दालन कोणत्या गृहस्थाच्या घरीं असणार? तेव्हां पांच भट्ट्यांच्या जागीं एक, वीस खिडक्यांच्या जागीं सात, असा हात आंखडता घ्यावा लागतो. अमेरिकेंतील छांदिष्टांनीं या युक्तीला ‘निवडक संकोच’ अशा अर्थाचें नांव दिलें आहे.

कांहीं कर्मठांना हा संकोचहि खपत नाहीं. त्यांचें म्हणणें, प्रमाण तें प्रमाण. सात खिडक्यांची इमारत ही दुसरीच इमारत होय. आम्हांस हें पटत नाहीं. इतकें ताणावयाचें तर पत्र्याचें काय करणार? एक मिलिमीटर जाडीचा खरा पन्हाळी पत्रा ८७ पटींनीं पातळ केला तर तो साध्या कागदाच्या जाडीच्या दशांशाच्या आसपास येईल. हातांत धरतांच फाटेल. म्हणजे कर्मठांच्या कारखान्यांतलाहि प्रत्येक पत्रा जाडच असतो, फक्त त्याची कड कौशल्यानें झांकलेली असते. करणारा व पाहणारा या दोघांनाहि जी तडजोड ठाऊक आहे तिला लबाडी म्हणतां येत नाहीं. नकाशांतला ठिपका प्रमाणानें पाहूं गेल्यास गांवाहून मोठा असतो, म्हणून कोणी नकाशेवाल्यावर फिर्याद करीत नाहीं.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. गॅलिलिओनें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, वस्तूचें आकारमान बदललें असतां तिचें वजन घनाच्या प्रमाणांत बदलतें, पण तिचें बळ वर्गाच्याच प्रमाणांत. ८७ पटींनीं लहान केलेल्या इमारतीचें वजन सुमारें साडेसहा लाख पटींनीं घटतें. तिच्या खांबांचें बळ मात्र साडेसात हजार पटींनींच. त्यामुळें प्रतिकृतींतल्या कैच्या आणि तुळया नुसत्या शोभेच्या होतात. एखादी गाळली तरी कांहीं कोसळत नाहीं. खऱ्या कारखान्यांत इंजिनियराच्या चुकीला शासन करावयास भार, उष्णता व वायु हे तिघे सदैव हजर असतात. येथें तिघेहि रजेवर! जें कांहीं खरें ठेवावयाचें तें करणाऱ्यानें आपखुषीनें ठेवावयाचें. सचोटीची याहून निर्भेळ परीक्षा आम्हांस तरी दुसरी सुचत नाहीं.

नळांचेंच पाहा. झोतभट्टी प्रथम पाहणाराला तेथें नळांचें नुसतें जंजाळ दिसतें. परंतु त्यांतला एकहि नळ उगीच नसतो. लोहखनिज, कोक व चुनखडी हीं तिरप्या मार्गानें माथ्यावर चढतात. तापलेल्या हवेचा झोत खालच्या बाजूनें आंत शिरतो. माथ्याशीं जमलेला वायु एका जाड नळानें उतरून धूळ टाकण्याच्या पिंपांत येतो, तेथून पुढें स्वच्छ होतो, आणि त्याचाच कांहीं भाग शेजारच्या उंच, गोल चुल्यांत जळून पुढील झोताची हवा तापवितो. हें चक्र ज्याला उमगलें त्याला कोणता नळ कोठें न्यावा हें विचारावें लागत नाहीं. ज्याला उमगलें नाहीं, तो कारखान्यासारखें दिसावें म्हणून आणखी चार नळ चिकटवितो, आणि त्यांतला एखादा भिंतींत शिरून तेथेंच संपतो. पाहणाऱ्यांपैकीं शंभरांत एकाच्याहि हें लक्षांत यावयाचें नाहीं. तरीहि आम्ही म्हणतों कीं ज्यानें तेरा खिडक्या गाळल्या तो प्रामाणिक, आणि ज्यानें हा एक नळ वाढविला तो नव्हे. पहिल्यानें कांहीं सांगावयाचें राहूं दिलें. दुसऱ्यानें जें नव्हतेंच तें सांगितलें.

भिंतीकडची बाजू, जी कोणालाच दिसणार नाहीं, तीहि पुरी करावी काय, यावर या मंडळींत बराच खल होतो. नळाचा मार्ग स्वतःला समजून घ्यावयाचा असेल त्यानें ती अवश्य करावी. केवळ आपली निष्ठा मिरविण्यासाठीं करणाऱ्याचें आम्हांस विशेष कौतुक नाहीं.

येथवर प्रश्न बहुतेक हस्तकौशल्याचा राहिला. पण बेथलेहेमची भट्टी म्हणजे नुसता आकार नव्हे. तेथें १८६३ पासून लोखंड निघत होतें. तेथल्या कंपनीचें पोलाद गोल्डन गेट पुलाला लागलें, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींना लागलें. हजारों कुटुंबें त्या आंचेवर जगलीं आणि कित्येक माणसें तेथें मेलीं. १९९५ च्या नोव्हेंबरांत भट्टी विझली. २००१ सालीं कंपनीचें दिवाळें वाजलें आणि २००३ सालीं ती नाहींशी झाली. पांच भट्ट्या अद्याप उभ्या आहेत, आणि ज्या उंच मार्गावरून खनिजाच्या गाड्या भट्ट्यांकडे जात, त्यावरून २०१५ पासून लोक फिरावयास जातात. अशा जागेची सुबक प्रतिकृति करून घरांत ठेवावी, वितळलेल्या लोखंडाच्या जागीं तांबडा दिवा लावावा, यांत कांहीं अनुचित नाहीं काय? दुःख वगळलें आणि शोभा तेवढी ठेवली, असा आक्षेप कोणी घेतला तर तो हलका मानतां येणार नाहीं. इंग्लंडांत ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयांत रॉय इंग्लंड यांनीं १९३० च्या सुमाराच्या खेड्यांची प्रतिकृति आरंभिली, तीं जुनीं घरें नाहींशीं होत चाललीं म्हणून. त्या गवती छपरांखालीं दारिद्र्यहि होतें. पण तें दाखविलें नाहीं म्हणून त्या कामाला कोणी नांवें ठेवीत नाहीं. भट्टीलाच निराळा न्याय कां?

आमचें मत असें कीं लहान वस्तूला दुःख दाखवितां येत नाहीं. दुःख जेथें झालें ती जागा मात्र ती चोख दाखवूं शकते. जिन्याच्या पायऱ्या, माथ्यावरचा अरुंद कठडा, लोखंड ओतण्याच्या जागेपासून माणसाला मागें सरावयास असलेलें अंतर, हीं बरोबर उतरलीं म्हणजे पुष्कळ झालें. ज्यानें २१ मिलिमीटरांचा माणूस शेजारीं उभा करून तें अंतर मोजलें आहे, त्याला मजुराच्या कष्टांविषयीं व्याख्यान देण्याची गरज नाहीं.

मात्र एक चूक या छंदांत सर्रास होते आणि ती आम्हांस क्षम्य वाटत नाहीं. आज पाहावयास मिळणारीं पुष्कळशीं छायाचित्रें भट्ट्या बंद पडल्यानंतरचीं आहेत, आणि त्यांत सर्वत्र गंज आहे. गंज रंगविण्यांत हात बसला कीं मोह आवरत नाहीं. म्हणून प्रतिकृतींत चालू भट्टीच्या अंगावरहि ओसाडीचा गंज चढतो. चालू कारखाना स्वच्छ होता असें नव्हे. तोहि मळलेला होता, पण खनिजाच्या तांबड्या धुळीनें आणि काजळीनें, म्हणजे कामाच्या मळानें. ज्या माणसांनीं तो राखला त्यांच्या हयातींतच त्यावर अवकळा रंगविणें ही त्यांची निंदा होय. ज्याला १९९५ पूर्वींची भट्टी करावयाची असेल त्यानें रुळांच्या बाजू खुशाल गंजवाव्या, पण माथा घासून चकचकीत ठेवावा, कारण त्यावरून दिवसरात्र चाकें फिरत होतीं. ज्याला त्यानंतरची करावयाची असेल त्यानें माथाहि गंजूं द्यावा, दोन रुळांमध्यें गवत लावावें, आणि गाड्या काढून घ्याव्या.