एकट्याने येणाऱ्या यात्रेकरूस

॥ श्री कोपेश्वर प्रसन्न ॥

भाविकहो, कुटुंबासह वा मंडळींसमवेत येणाऱ्या यात्रेकरूची पावले सोबत्यांच्या पावलांबरोबर पडतात. एकट्याने येणाऱ्यास सोबत असते ती केवळ स्वतःच्या मनाची. कुरुंदवाडमार्गे कृष्णाकाठच्या या खिद्रापूर क्षेत्री असे अनेक जण येतात. कोणी शिल्पकलेच्या ओढीने, तर कोणी अंतरीचा सल घेऊन. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात, हे मंदिर आकारास आले. यादवनृपती सिंघण याने देवाच्या पूजेअर्चेसाठी दिलेल्या दानाचा शके ११३६ चा शिलालेख येथे आहे. आरंभीच लागतो तो ४८ स्तंभांचा स्वर्गमंडप. त्याचे छत मध्यभागी वर्तुळाकार खुले आहे. ऊन, पाऊस व चांदणे विनाअडथळा आत उतरते. तेथे क्षणभर उभे राहावे. देवाकडे जाताना मनावरही आच्छादन नसावे.

गर्भगृहात दोन लिंगे आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे शिव. दुसरे धोपेश्वर, म्हणजे विष्णू. दक्षाच्या यज्ञाचे निमंत्रण नसताना सती माहेरच्या ओढीने गेली. तेथे पतीची निंदा ऐकून तिने देहत्याग केला. शिवाचा कोप अनावर झाला आणि त्याच्या सांत्वनासाठी विष्णू येथे आले, अशी या स्थानाची कथा आहे.

या कथेचा विचार करावा. शिवाच्या कोपाचे मूळ शोकात होते. आपलाही राग पुष्कळदा असाच असतो. त्याच्या तळाशी कोणी गमावल्याचे, कोणी अव्हेरल्याचे दुःख असते. दुःखावर उपदेश फारसा चालत नाही. म्हणून विष्णू आले ते सोबत करण्यासाठी, आणि कायमचे शेजारी राहिले. आपल्या पूर्वजांनी देवाचा कोप लपविला नाही. त्याच नावाने त्याला पूजिले, परंतु त्याला एकटे मात्र ठेवले नाही.

येथे देवासमोर नंदी नाही. सती नंदीवर आरूढ होऊन गेली, म्हणून तो पैलतीरी कर्नाटकातील यडूर येथे आहे, अशी श्रद्धा आहे. नंदीची ती मोकळी जागा पाहून वाटते, एकट्याने येणाऱ्या भक्तासाठीच ती राखली असावी. तेथे शांत बसावे. ज्याच्यावर राग आहे त्याच्या अहिताची याचना करू नये. आपले दुःख मात्र निःसंकोच सांगावे.

प्रदक्षिणा करताना पायथ्याचा गजथर पाहावा. अनेक हत्तींच्या सोंडा भंगल्या आहेत, तरीही मंदिराचा भार ते वाहतच आहेत. कृष्णामाईचे महापूरही या पाषाणांनी पाहिले. आपण त्यांवर नावे कोरू नयेत, शिल्पांना तेल वा कुंकू लावू नये. हे जतन हीसुद्धा सेवाच होय.

आणि घरी परतल्यावर एक करावे. आपल्या आप्तांत, शेजारात कोणी रागावून दूर बसला असेल, तर त्याची चूक दाखविण्यास न जाता घटकाभर त्याच्याजवळ जाऊन बसावे. कोपेश्वराचे दर्शन येथे घडते. धोपेश्वराची सेवा घरी घडावी. यात्रा सफल होते ती तेव्हाच.

॥ हर हर महादेव ॥