ती बाजूला सरली म्हणून



कोल्हापूर-रत्नागिरी रस्ता आपल्या मलकापुरावरून पुढे आंब्याकडे जातो आणि घाट उतरून साखरप्याला पोचतो. याच रस्त्यावर आम्ही गाडी चालवायला शिकलो आणि याच रस्त्यावर, विशी गाठायच्या आत, एका बाईचा जीव घेता घेता राहिलो.

पावसाळ्याचे दिवस होते. एका मोटारसायकलवर आम्ही तिघे मित्र, हेल्मेट कुणालाच नाही. घाटात ढग उतरलेले. पेट्रोल वाचावे म्हणून उताराला इंजिन बंद केलेले, त्यामुळे गाडीचा आवाजही नव्हता. वळणावर एसटीला मागे टाकले, तोच समोर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी. ब्रेक दाबला तर चाक घसरले. तिने भारा टाकला आणि कडेच्या गटारात उडी घेतली. आम्ही तिच्या पदराला घासून पुढे गेलो. थांबलो नाही. साखरप्याला चहा पिताना मात्र आपल्या कौशल्याची कथा म्हणून तो प्रसंग हसत हसत सांगितला. पुढे कित्येक वर्षे तसाच सांगत राहिलो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप आहे. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले, तेव्हा महाराष्ट्र संतापला. आम्हीही संतापलो. आणि मग ती म्हातारी आठवली.

ती मेली असती तर आम्ही गुन्हेगार ठरलो असतो. ती वाचली म्हणून सज्जन ठरलो. पण आमच्या वागण्यात काय फरक होता? फरक एका पावलाचा होता आणि ते पाऊल तिने उचलले होते. ज्याच्या हातून माणूस मेला, त्याचे आयुष्यभराचे ओझे आमच्या वाट्याला आले नाही, हे खरे. मात्र परिणाम टळला म्हणून दोष टळत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ (परिच्छेद २२९०) हेच सांगतो. नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासापायी जो स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालतो, तो गंभीर दोषी ठरतो. कुणी मेले पाहिजे, अशी अट तेथे नाही.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने विचारला (लूक १३). वाचलेल्यांनी स्वतःला निर्दोष समजू नये, पश्चात्ताप करावा, असे त्याने बजावले. लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. फळ न देणाऱ्या झाडासाठी मळेकरी आणखी एक वर्ष मागून घेतो. थोडक्यात वाचणे म्हणजे असे मागून मिळालेले वर्ष. ते बक्षीस नव्हे, मुदत आहे.

या मुदतीत काय करावे? पापनिवेदनात ही चूक तिच्या खऱ्या नावाने सांगावी. मुलांपुढे ती पराक्रम म्हणून सांगू नये. आणि 'चौकापर्यंतच जातोय' म्हणणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अशा अपराधासाठी पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. पण कायद्याच्या भीतीपेक्षा त्या मुलाच्या वाटेत कोण चालत असेल, याचा विचार आधी यावा.

ती म्हातारी आज हयात नसावी. तिचे नाव आम्ही विचारले नाही, भारा उचलून दिला नाही. आता क्षमा मागायलाही ती नाही. तेव्हा आंब्याच्या वाटेवर डोक्यावर भारा घेतलेली बाई दिसली की आम्ही गाडीचा वेग कमी करतो. तेवढे अजून आमच्या हाती आहे.