मागच्या आसनाचा प्रश्न

उपकार कोठे संपतो आणि बांधिलकी कोठे सुरू होते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याच्या दारात मोटारसायकल उभी आहे, त्याला तो रोज सकाळी पडतो. इंद्रवेल्लीहून उटनूरला किंवा आदिलाबादला कामासाठी जाणारी मंडळी आपल्या घराघरांत आहेत. एकाजवळ गाडी असते, दुसऱ्याजवळ नसते. कामाचे ठिकाण मात्र एकच. मग एकाने दुसऱ्याला मागे बसवून न्यावे, यात वावगे ते काय?

नागोबाच्या जत्रेत, पुष्य अमावास्येच्या सुमारास, केसलापूरच्या वाटेवर पायी चाललेल्या अनोळखी म्हाताऱ्यालाही आपण गाडीवर घेतो आणि त्याचे ओझे वाटत नाही. ते देणे त्याच दिवशी पुरे होते. नित्याच्या सोबतीचे तसे नाही.

आम्हीही एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांना उटनूरला नेत असतो. आरंभी ते विचारीत, “महाराज, आज जागा आहे का?” पुढे प्रश्न बदलला : “उद्या किती वाजता?” पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर देता येते, दुसऱ्याला येत नाही. हा पालट कोणी ठरवून केलेला नव्हता. त्यांनी हक्क मागितला नाही, आम्ही दिला नाही, तरी तो उत्पन्न झाला. वाटेत कोणाकडे डोकवायचे असो की रजा घ्यायची असो, आधी त्यांना कळवणे आले. त्यांचा चहा व्हायचा असला तर ओट्यावर ताटकळणे आले. पेट्रोलचा खर्च त्यापुढे लहान. त्यातून आम्ही पुजाऱ्याच्या घरचे! देवळातल्या माणसाने ‘नाही’ कसे म्हणावे, असे लोकांना वाटते, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही वाटते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात कष्टी मनाने दिलेले दान राजस मानले आहे. तोंडाने ‘बसा’ म्हणावे आणि घरी येऊन कुरकुर करावी, हा प्रकार पुष्कळ घरांत चालतो. त्यात आपण स्वतःला सोशिक समजतो. पण बसणाऱ्याची त्यात फसवणूक होते. आपण नकोसे झालो आहोत हे त्याला ठाऊकच नसते. ठाऊक असते, तर स्वाभिमानी माणूस बसची वाट धरता.

दुसरीही एक बाजू आहे. गाडीचा केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल, तर मागे फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले. म्हणजे अपघात झालाच तर भार चालविणाऱ्याच्या घरावर. ही गोष्ट भिडेपोटी कोणी बोलत नाही, बोलली पाहिजे.

आम्ही अखेर बोललो. आठवड्यातून तीन दिवस, ठरल्या वेळी, चौकात. इतर दिवशी त्यांनी बसने यावे. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “उशीर झाला तर थांबू नका.” थोडा दुरावा आला, हे नाकारत नाही.

आता अडचण एवढीच आहे की, आषाढातल्या पावसात, ठरलेला दिवस नसताना, ते थांब्यावर छत्री धरून उभे दिसतात. हात करीत नाहीत. आजवर दोनदा असे झाले आणि दोन्ही वेळा आम्ही गाडी थांबविली.