मजुरी आणि बक्षीस

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील मंडळीस भेट द्यावयास गेलो असता, उपासना आटोपल्यावर एका तरुणाने मजजवळ असा प्रश्न केला: "पाळकसाहेब, मी तालुक्याच्या गावी कामास जातो व तेथेच केस कापवितो. दर 80 रुपये आहे. 100 रुपयांची नोट दिली म्हणजे कारागीर 20 रुपये परत देतो खरा, पण अंमळ घुटमळतो. ते त्याला ठेवावयास सांगणे माझे कर्तव्य आहे काय? का तो पोकळ डौल होईल?" जवळच एक वृद्ध बसले होते. ते म्हणाले, "बाळा, ठरला तो दाम दिला, व्यवहार संपला. मोठेपणा पाटलांनी करावा." दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. प्रश्न दिसावयास लहान असला तरी त्याचे मूळ खोल आहे, म्हणून वाचकहो, त्याचा थोडा विचार करू.

पूर्वी गावगाड्यात न्हाव्यास रोख दाम क्वचितच मिळे. तो बलुतेदार, वर्षभर कुणब्याच्या घरची डोकी करावी आणि सुगीस खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, असा रिवाज होता. लग्नकार्यात नारळ, वस्त्र, एखादे नाणे वेगळे मिळे. ह्यात हक्काचे किती व खुशीचे किती, ही सीमा पुसट असे. आणि सीमा पुसट असली म्हणजे लाभ देणाराचा होतो. वाटा कमी घातला तरी त्याला उपकार म्हणता येई.

आपल्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस हे अधिक कडू रीतीने ठाऊक होते. गावचा निरोप पोहोचविणे, मेलेली जनावरे ओढणे, अंमलदारांपुढे धावणे, ह्या सर्व चाकरीबद्दल हाती काय येई? बहुतकरून दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. काम सक्तीचे, आणि मोबदला मात्र भिक्षेच्या रूपाने! डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांसंबंधी बिल आणले ते ह्याच दुःखाकरिता. आणि 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द करण्यात आली.

दूर अमेरिकेतही असेच घडले. तेथे 1865 साली गुलामगिरी बंद झाल्यावर पुलमन कंपनीने आगगाडीच्या निजावयाच्या डब्यांत उतारूंची सेवा करण्यास मुक्त झालेले कृष्णवर्णी पुरुष नेमले. पगार अगदी थोडा; पोटाची बाकी उतारूंच्या बक्षिसावर सोडलेली. त्यामुळे अपमान झाला तरी हसत राहणे हाच त्यांचा धंदा होऊन बसला. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी आपला संघ स्थापिला, आणि 1937 साली कंपनीस त्यांच्याशी करार करावा लागला. पगार वाढला व कामाचे तास कमी झाले. त्यांस अधिक दयाळू उतारू नको होते; पुरती मजुरी हवी होती.

ह्यावरून काय दिसते? मजुरी हा हक्क आहे व बक्षीस हा स्नेह आहे. दोन्ही चांगली, परंतु स्नेहाने हक्काची जागा बळकाविली की तो स्नेह राहत नाही, ते बंधन होते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी आठवा. पहाटे आलेल्यांस त्याने ठरलेली मजुरी पुरती दिली, आणि शेवटी आलेल्यांशी उदारपणा केला. एकाचे कापून दुसऱ्यास दिले नाही.

आता एक नाजूक गोष्ट. माझे आजोबा सांगत की, गावचा न्हावी पाटलाच्या म्हशी भादरी, परंतु आमच्या माणसांच्या डोक्यास हात लावीत नसे. आमचे लोक एकमेकांचे केस कापीत. 1955 च्या कायद्याने अशी मनाई हा अपराध ठरला. कोणी म्हणेल, आता आमचाही दिवस आला. 20 रुपये टाकून सलाम घेऊ! बंधूंनो, असे बक्षीस देण्यापेक्षा न दिलेले बरे. शिवाय हे ध्यानात घ्या: त्या न्हाव्याने आमचे केस कापले असते, तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. ज्याची भाकर दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली, त्याला सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागणे फार कठीण जाते.

म्हणून त्या तरुणास मी असे सांगितले. दर घासाघीस न करता, उधार न ठेवता द्यावा. एवढ्याने तू निर्दोष आहेस. अधिक देण्याची ऐपत व इच्छा असेल तर अवश्य दे, पण गाजावाजा न करता. दुकान दुसऱ्याचे असेल तर अधिकचे पैसे कारागिराच्या हातात दे. मोबाइलवरून पाठविलेले पैसे बहुधा मालकाच्याच खात्यात जातात. ऐपत नसेल तर लाज बाळगू नकोस. त्याचे नाव विचार, त्याला आदराने बोल. मात्र कचेरीत आपला कागद पुढे सरकावा म्हणून शिपायास जे 'चहापाणी' देतात, ते बक्षीस नव्हे, लाच आहे; 2018 च्या दुरुस्तीपासून कायद्याने देणाराही दोषी ठरतो.

हे सांगून मी परतलो, परंतु माझे मन मला टोचू लागले. मी पूर्वी ज्या मंडळीत होतो, तेथे प्रार्थनामंदिर झाडावयास एक विधवा बाई येत असे. दर नाताळास आम्ही तिला सर्वांसमक्ष लुगडे देत असू व टाळ्या वाजवीत असू. सहा वर्षांत तिचा महिन्याचा पगार मात्र एका रुपयाने वाढविला नव्हता. एकदा ती मला म्हणाली, "साहेब, लुगडं चांगलं आहे, पण वाणी लुगड्यावर तेलमीठ देत नाही." मजजवळ उत्तर नव्हते. पुढच्या पंचांच्या सभेत पगार वाढला. तो सहा वर्षे आधी वाढावयास पाहिजे होता.

उपदेशक बंधूंनो, न्हाव्याच्या 20 रुपयांचा विचार करण्यापूर्वी आपल्या मंडळीचे जमाखर्चाचे पुस्तक उघडून पाहा. झाडणारी, पाणी भरणारा, कबर खणणारा, ह्यांस आपण काय देतो? आधी तेथे मजुरी पुरती होऊ द्या. मग नाताळचे लुगडेही आनंदाने द्या.