यजमानाचं पान

नागपुरात कुणाकडे जेवायला जायचं तर दुपारचं जेवण बेतानंच घ्यावं लागतं. पाटवडी रस्सा, वडाभात, कढी, भरली वांगी, ठेचा, थंडीचे दिवस असले तर गरमागरम सांबारवडी, वर एखादं गोड, आणि या सगळ्यावर ‘घ्या नं जी, एवढ्यानं काय होते!’ हा आग्रह. स्वयंपाकाला नाव ठेवायला जागा नसते. पण घरी परतल्यावर पाहुण्यांनी आठवून पाहावं, की दोन-अडीच तासांत त्या घरच्या बाईशी आपण बोललो किती? ती गॅसपाशी होती. तिचा नवरा भांडी घेऊन फिरत होता. पाहुणे हात धुऊन दिवाणखान्यात टेकले, तेव्हा कुठे दोघांनी आपली पानं घेतली. तोवर पोळ्या निवल्या होत्या आणि गप्पांचा भरही ओसरला होता.

यजमानानं शेवटी जेवायचं, हा आपल्याकडे पाहुणचाराचा शिष्टाचार मानला जातो. त्यामागे पाहुण्याला काही कमी पडू नये ही चांगली भावना आहे. पण जेवायला बोलावण्याचा हेतू निव्वळ पोट भरणं हा असता, तर बर्डीवरून धरमपेठेपर्यंत हॉटेलं काही कमी नाहीत. माणसं एकमेकांच्या घरी जातात ती सोबतीसाठी. आणि ज्याच्या सोबतीसाठी जायचं, तोच पानावर नसतो.

या शिष्टाचाराचा भार कुणावर पडतो हे उघड आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटं देत होत्या, पुरुष 97. त्यातही दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष जेमतेम चौथा हिस्सा. हे रोजच्या दिवसाचं झालं. घरी दहा माणसं जेवायला येतात त्या दिवसाची कल्पना करता येईल.

म्हणून बेत ठरवताना पहिला प्रश्न ‘काय काय करायचं’ हा नसावा. पानं मांडल्यावर चुलीपाशी कुणाला उभं राहावं लागेल, हा असावा. या कसोटीवर नागपुरी स्वयंपाकाचे सरळ दोन भाग पडतात. सांबारवडी कढईतून थेट ताटात यायला हवी, फुलक्यांचंही तेच. या पदार्थांना एक माणूस द्यावाच लागतो. पाटवडी रश्श्याचं तसं नाही. बेसन घोटून वड्या सकाळीच थापून ठेवता येतात. खोबरं, खसखस, कांदा भाजून केलेला झणझणीत रस्सा तासभर आधी उकळून तयार असतो. वड्या तेवढ्या आधी रश्श्यात सोडायच्या नाहीत, नाही तर मऊ पडून फुटतात. वाढताना वाटीत वडी ठेवून वरून उकळता रस्सा ओतला की झालं. गोळाभाताचे बेसनाचे गोळे भाताबरोबरच वाफवून निघतात, आणि ऐनवेळी लागते ती फक्त हिंग-मिरचीची फोडणी. सावजी पद्धतीचं मटण तर मुरल्यावर जास्तच चढतं. असे दोन-तीन पदार्थ आणि तयार पोळ्या एवढ्यावर आठ माणसांचं जेवण उत्तम होतं. सातवा-आठवा पदार्थ बहुधा पाहुण्यांसाठी नसतोच. तो ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीपोटी केलेला असतो.

याहून सुटसुटीत नमुना विदर्भातच आहे: रोडग्यांचं जेवण. संत एकनाथांच्या भारुडात भवानीला रोडग्याचाच नवस बोललेला आहे, इतका हा पदार्थ जुना. शेतात किंवा देवळाच्या आवारात गोवऱ्यांचा जाळ होतो. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून वळलेले गोळे निखाऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे. सोबत हंड्यातली वांग्याची भाजी आणि वरण. बस्स. बेत ठरलेला, म्हणून चढाओढ नाही. एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारे पुरुष इथे हौसेनं निखारे सारतात. कुणी वांगी चिरतं, कुणी पत्रावळी मांडतं आणि पाहुणा कोण, यजमान कोण हे ओळखू येईनासं होतं.

पानाला पान लावून बसणं ही महाराष्ट्रात कधीच साधी बाब नव्हती. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला तो ते मांडवात जेवत असताना, आणि त्यांचं अन्न मातीत मिसळलं. पुढे ठिकठिकाणी सहभोजनं झाली. ती आवश्यकच होती. तरी नुसत्या सहभोजनानं जात मरत नाही, हे डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ मध्ये स्पष्ट मांडलं. त्याच आंबेडकरांनी 1956 च्या ऑक्टोबरात ज्या नागपुरात धम्मदीक्षा दिली, तिथे दरवर्षी दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी रस्तोरस्ती भोजनदानाचे मंडप लागतात. घरगुती निमंत्रणांची यादी मात्र अजूनही बरेचदा नातेवाईक, जातभाई आणि कचेरीतले बरोबरीचे यांच्यापलीकडे जात नाही. मग बोलणंही तेच ते: प्लॉटचे भाव, मुलांचं पॅकेज, 45 अंशांवर गेलेला पारा. आठ जणांत एक-दोन अनोळखी, निराळ्या धंद्याची, निराळ्या वस्तीतली माणसं असली, तर त्यांना काय वाढायचं याहून त्यांना कुणाशेजारी बसवायचं यावर जास्त विचार करावा लागतो. तो करण्याइतकी उसंत यजमानाला हवी.

यावर हमखास निघणारा तोडगा म्हणजे केटरर. पैसे मोजले की यजमान मोकळा. मोठ्या कार्याला ते ठीकच. पण छोट्या घरगुती जेवणात बाहेरचे वाढपी आले की घराचा हॉल होतो, आणि कामाचा प्रश्नही सुटत नाही, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. नागपुरातल्या कितीतरी घरांत अशा दिवशी पोळ्या लाटायला बाई बोलावली जाते. तिला जास्तीचे पैसे मिळतात, उरलेलं डब्यात भरून दिलं जातं, आणि पहिली पंगत बसण्याआधी ती घरी निघून जाते. यजमानीणबाईंचं पान पाहुण्यांबरोबर मांडायला पुष्कळ घरं आज राजी होतील. पोळ्या लाटणाऱ्या बाईचं पान त्याच पंगतीत मांडायचं म्हटलं, तर त्यातली किती घरं आपल्या पाहुण्यांच्या यादीवर पुन्हा एकदा नजर टाकतील?