‘सी.आय.डी.’ची कीर्ती आणि तारापूरचे मृत्यू

भारतीय दूरचित्रवाणीवरील गुन्हेशोधकथांचा विचार ‘सी.आय.डी.’ या मालिकेला वगळून करता येत नाही. २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झालेली आणि दीड हजारांहून अधिक भागांनंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबलेली ही मालिका डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिचे स्वागत एखाद्या जुन्या संस्थेची दारे पुन्हा उघडावीत तसे झाले. मधल्या काळात प्रेक्षकाची अभिरुची बदलली होती, ‘सेक्रेड गेम्स’, ‘पाताल लोक’, ‘दिल्ली क्राइम’ यांसारख्या मालिकांनी पोलीस ठाण्याचे अधिक धूसर आणि अस्वस्थ करणारे चित्र घराघरांत पोचवले होते, तरीही ‘सी.आय.डी.’विषयीची आपुलकी उणावलेली नव्हती. ही आपुलकी हे कीर्तीचे एक अंग झाले. ती कीर्ती सार्थ आहे का, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि त्याचे उत्तर मालिकेच्या आत शोधण्यापेक्षा मृत्यू खरोखर घडतात अशा एखाद्या भूभागाशेजारी तिला ठेवून शोधणे अधिक फलदायी ठरते. मालिकेच्या मुंबईपासून पश्चिम रेल्वेने सुमारे शंभर किलोमीटरवर असलेला बोईसर-तारापूरचा औद्योगिक पट्टा आणि त्याच्या पाठीशी पसरलेला पालघर जिल्हा हा तसा भूभाग आहे.

प्रथम मालिकेच्या बाजूने जे म्हणायला हवे ते नि:संकोच म्हटले पाहिजे. निर्माते-दिग्दर्शक बी. पी. सिंग हे पुण्याच्या चित्रपट संस्थेत घडलेले आणि मुंबई दूरदर्शनवर वृत्तछायाचित्रणाची नोकरी केलेले छायालेखक, त्यामुळे घटनास्थळ कसे पाहावे याची एक शिस्त त्यांच्यापाशी आधीपासून होती. दूरदर्शनच्या काळातील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत त्यांचे आणि शिवाजी साटम यांचे सूत जुळले, आणि पुढे साटम यांनी उभा केलेला एसीपी प्रद्युम्न हा त्याच मराठी घडणीतून आला. बँकेत नोकरी करीत रंगभूमीवर आलेल्या या नटाने प्रद्युम्नला मध्यमवर्गीय कार्यालयप्रमुखाचा संयम दिला. गुन्हेगार बनलेल्या स्वतःच्या मुलावर त्याला गोळी झाडावी लागते, या सुरुवातीच्या काळातील कथानकात जो नैतिक ताण होता, तो नंतरच्या अनेक वर्षांत क्वचितच परत आला. ७ नोव्हेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झालेला, १११ मिनिटांचा सलग एकाच चित्रणात टिपलेला भाग हा तर कारागिरीचा असा नमुना आहे, की तेवढ्यासाठीही या मालिकेचे नाव दूरचित्रवाणीच्या इतिहासात राहावे.

मात्र कारागिरी ही कीर्तीची एक बाजू झाली. या प्रकाराला कार्यपद्धतिप्रधान गुन्हेकथा म्हणता येईल, म्हणजे जिच्यात गुन्हेगाराच्या मनापेक्षा तपासाचे टप्पे कथानकाला पुढे नेतात अशी कथा. अशा कथेची दोन टोके महत्त्वाची असतात. पहिल्या टोकाला एक मृतदेह असतो, आणि हा मृत्यू दिसतो तसा नाही, असा संशय कोणीतरी बोलून दाखवतो. दुसऱ्या टोकाला एक माणूस गुन्हा कबूल करतो. ‘सी.आय.डी.’ची लोकप्रियता या दोन टोकांमधील अंतर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत कापण्याच्या हातोटीवर उभी राहिली, आणि पिढ्यांनी ते अंतर कापण्याची रीत हाच तपासाचा नमुना मानला. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की या दोन टोकांचे मूल्य सारखे नाही. पहिल्या टोकावरील संशयासाठी मालिका आजही आदरास पात्र आहे, आणि दुसऱ्या टोकावरील कबुलीने तिने प्रेक्षकाच्या न्यायबुद्धीचे जे नुकसान केले ते अद्याप पुरेसे मोजले गेलेले नाही.

कबुलीचा प्रश्न आधी घ्यावा, कारण तो तुलनेने सरळ आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे तत्त्व १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम राहिले. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरताच त्याच्या बोलण्याचा भाग न्यायालयात ग्राह्य धरला जातो. कोठडीत माणसाला बोलते करण्याचे मार्ग कोणते असतात, याची वसाहतकालीन कायदेकर्त्यांनाही जाणीव होती म्हणून ही तरतूद झाली. मालिकेत मात्र थप्पड आणि तिच्यामागोमाग येणारी कबुली हीच खटल्याची समाप्ती असते, न्यायालय जवळजवळ दिसतच नाही, आणि पुराव्याची साखळी, पंचनामा, मुद्देमालाची नोंद, पंचांची साक्ष हे सारे अनावश्यक वाटू लागते. येथे एक विसंगती नोंदवण्याजोगी आहे. महाराष्ट्राचा खरा सी.आय.डी., म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेला राज्य गुन्हे अन्वेषण विभाग, ज्या प्रकरणांचा तपास करतो त्यांत पोलीस कोठडीतील मृत्यूंचा समावेश होतो. ज्या यंत्रणेवर कोठडीतील मारहाणीचा शोध घेण्याची जबाबदारी आहे, तिचेच नाव धारण करणाऱ्या मालिकेने थप्पडेला तपासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा द्यावी, ही गोष्ट हलक्याने घेण्यासारखी नाही.

हाच खरा विभाग २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात तपासासाठी आला होता. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा जमावाने जीव घेतला. चोर आणि मुले पळवणारे रात्री फिरतात अशा अफवा त्या आधी कित्येक दिवस परिसरात पसरत होत्या, आणि हत्या झाली तेव्हा पोलीस घटनास्थळी हजर होते. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवला गेला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डहाणूच्या न्यायालयात दाखल झालेल्या दोषारोपपत्रांची पाने दहा हजारांच्या पुढे गेली, आरोपींची संख्या शंभराहून अधिक झाली. मालिकेच्या व्याकरणात या घटनेला जागा नाही. येथे गुन्हेगार एक नाही, त्यांचे मृतांशी पूर्वीचे वैर नाही, वारसाहक्क किंवा मत्सर असा हेतू नाही, आणि घटनास्थळी आलेले पोलीस हे कथेचे नायक नसून चौकशीचा एक विषय आहेत. अफवेला बाप नसतो, असे म्हटले जाते, परंतु ती ज्या वाटांनी जाते त्या शोधता येतात. रात्रीच्या गस्ती का सुरू झाल्या, परक्या माणसाची भीती कशी वाढत गेली, प्रशासनाचा शब्द पाड्यांपर्यंत का पोचला नाही, हे तपासाचे रास्त प्रश्न आहेत. त्या हत्येचा देशभर जो गदारोळ झाला त्यात हे प्रश्न मागे पडले आणि प्रत्येक पक्षाने आपापला एकच खलनायक शोधला. एकाच खलनायकाची ही भूक केवळ मालिकांनी निर्माण केली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु वीस वर्षे ती नित्यनेमाने भागवली गेली, हे नाकारता येत नाही.

तरीही जमावाच्या हत्येला निदान हत्या म्हटले जाते. बोईसर-तारापूरचे मृत्यू याहून अवघड आहेत, कारण त्यांना दुर्घटना म्हणतात. तारापूर औद्योगिक वसाहतीत रासायनिक आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांची दाटी आहे. तेथे ११ जानेवारी २०२० रोजी संध्याकाळी एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांचा बळी गेला आणि त्याचा आवाज आसपासच्या गावांना हादरवून गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषधनिर्मिती कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. या दोन तारखांच्या दरम्यान आणि त्यांच्या आधीही आगी, स्फोट आणि गळतीच्या घटना घडत आल्या आहेत. प्रत्येक वेळी अग्निशमन दल येते, मृतांच्या नातेवाइकांना मदत जाहीर होते, पोलीस ठाण्यात आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, म्हणजे मृत्यू अनैसर्गिक आहे पण त्यात गुन्हा आहे की नाही हे अद्याप ठरलेले नाही अशी नोंद, आणि पुढे कधी निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. मृतांमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कंत्राटी कामगार असतात, त्यांचे देह गावी पाठवले जातात, आणि तपासाचा पाठपुरावा करील असे माणूस बोईसरमध्ये मागे उरत नाही.

कायद्याने या मृत्यूंकडे कसे पाहिले हेही समजून घ्यावे लागते. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ने ती पाच वर्षांपर्यंत वाढवली. २०२० च्या स्फोटाच्या वेळी लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाचे कलम ९२ अधिक लक्षणीय आहे. त्याने दोन व्यक्तींना जबाबदार धरले होते: एक कारखान्याचा भोगवटादार, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर ज्याचे अंतिम नियंत्रण असते तो, आणि दुसरा व्यवस्थापक. त्यांच्या मनात मारण्याचा हेतू होता का, हे या कलमाखाली सिद्ध करावे लागत नव्हते. सुरक्षेची तरतूद मोडली गेली एवढे पुरेसे होते. मात्र शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षे आणि दंडाची एक लाख रुपये होती, आणि मृत्यू घडला तर दंड पंचवीस हजारांहून कमी नसावा एवढाच काय तो कठोरपणा होता. हेतू हा ज्या कथाप्रकाराचा प्राण आहे, त्याला हेतूविना जबाबदारी ही कल्पनाच पेलत नाही. येथे माणूस द्वेषाने मरत नाही. तो झडपेची दुरुस्ती पुढे ढकलल्याने मरतो, प्रशिक्षण न दिलेल्या हाताला अणुभट्टीइतकीच सावधगिरी मागणाऱ्या रासायनिक संयंत्रापाशी उभे केल्याने मरतो, आणि तपासणी कागदावर पूर्ण झाल्याने मरतो.

समुद्राच्या बाजूने पाहिले तर मृत्यू आणखी संथ होतो. वसाहतीतील सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि प्रत्यक्ष येणारे सांडपाणी यांतील तफावतीमुळे नवापूरच्या किनाऱ्याला आणि आसपासच्या खाड्यांना जे भोगावे लागले, त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि लवादाने जानेवारी २०२२ मध्ये प्रदूषणाची जबाबदारी उद्योगांवर ठेवून भरपाईचा आदेश दिला. मासेमारीवर जगणाऱ्या मांगेला समाजाने गोळा केलेली कागदपत्रे, नमुने आणि तक्रारींची मालिका हा गुन्हेशोधाचाच एक प्रकार होता. त्यात सहा वर्षांचा चिकाटीचा पाठपुरावा होता, मात्र त्याला पडद्यावर नायकत्व मिळाले नाही.

दूरचित्रवाणीला असा तपास दाखवताच येत नाही, हे म्हणणे खरे नाही. एचबीओ वाहिनीवर २००२ ते २००८ या काळात पाच पर्वांत आलेल्या ‘द वायर’ या मालिकेने ते केले. डेव्हिड सायमन या माजी वार्ताहराने रचलेल्या या मालिकेचे दुसरे पर्व बाल्टिमोरच्या बंदरावर घडते. एका कंटेनरमध्ये तरुण स्त्रियांचे मृतदेह सापडतात, आणि त्यांच्या मृत्यूचा माग काढताना तपास गोदी कामगारांच्या आटत चाललेल्या रोजगारापर्यंत, त्यांच्या संघटनेच्या असहाय तडजोडींपर्यंत आणि मालाच्या जागतिक वाहतुकीपर्यंत जातो. शेवटी जे पकडले जातात ते या साखळीचे लहान दुवे असतात. डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली, किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्याला दीर्घकाळ विरोध आहे, आणि त्या पार्श्वभूमीवर हे पर्व पाहणाऱ्या पालघरच्या प्रेक्षकाला बाल्टिमोर फार दूरचे वाटणार नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. ‘सी.आय.डी.’ ही कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याची मालिका होती, तिच्याकडून बाल्टिमोरची अपेक्षा करणे अन्याय्य आहे, आणि दिवसभराच्या कष्टांनंतर माणसाला निदान पडद्यावर तरी न्याय पुरा झालेला पाहण्याचा हक्क आहे. या हक्काला तुच्छ लेखणारी समीक्षा कोरडी होते. बोईसरच्या चाळींत, खोल्या भाड्याने घेऊन राहणाऱ्या कामगारांच्या भ्रमणध्वनींवर हे भाग आजही पाहिले जातात, आणि त्या प्रेक्षकाला त्यातून जे मिळते त्याला भाबडेपणा म्हणता येणार नाही. मालिकेच्या पहिल्या टोकाचे मोल येथे लक्षात येते. प्रद्युम्न कोणत्याही मृत्यूला दुर्घटना म्हणून सोडत नाही. पडलेला, बुडालेला, जळालेला माणूस कोणीही असो, कितीही सामान्य असो, त्याच्याविषयी काहीतरी विचारण्याजोगे उरले आहे असे तो धरून चालतो, आणि मालिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉक्टर साळुंखे यांच्या प्रयोगशाळेत मृतदेहाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले जाते. ज्या औद्योगिक वसाहतीत कामगाराचा मृत्यू पहिल्या तासाभरात दुर्घटना म्हणून निकाली निघतो, तेथे हा हट्ट हीच सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे. मालिकेने हा हट्ट कोट्यवधी घरांत पोचवला, आणि तेवढ्यापुरती तिची कीर्ती निर्विवाद सार्थ आहे.

त्या हट्टाला नंतर जे वळण दिले जाते तेथे कीर्ती उणी पडते. संशय जागा होतो आणि लगेच भाऊ, भागीदार, प्रेयसी, नोकर यांच्या छोट्या वर्तुळात कोंडला जातो. परवाना देणारा अधिकारी, कंत्राटदार, विमा उतरवणारी कंपनी आणि मालक त्या वर्तुळात क्वचितच शिरतात. पुन्हा सुरू झालेल्या मालिकेला तंत्र नवे मिळाले, प्रद्युम्नच्या मृत्यूसारखे धक्के देण्यात आले, पण वर्तुळ तेवढेच राहिले. ते मोठे करण्यात कथालेखनाची कोणतीही अशक्य अट नाही. तारापूरच्या स्फोटावरील एका भागासाठी प्रयोगशाळेत संयंत्राच्या पत्र्याचे तुकडे हवेत, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आधीच्या तपासणीची नोंद हवी, कंत्राटदाराचे हजेरीपुस्तक हवे, ज्यात मृताचे नाव आहे की नाही हे प्रद्युम्नने सर्वांत आधी पाहावे, आणि चौकशीच्या खोलीत भोगवटादाराला बसवून, हात न उचलता, दुरुस्तीचा खर्च कोणी आणि कोणत्या तारखेला नामंजूर केला हे विचारता यायला हवे.